पाठीवरचें बिऱ्हाड

प्रवासाला निघणाऱ्या माणसाचें सामान तो एकटा बांधीत नाहीं. तें सारें घर बांधतें, ही आपल्या एकत्र कुटुंबांतली जुनी रीत आहे. आजी लाडवांचा डबा पुढें करते, काकू जास्तीची चादर घालते, आजोबा छत्रीची आठवण देतात, आणि ‘असूं द्यावें, लागलें तर?’ या एका वाक्यानें पिशवीचें तोंड मिटेनासें होतें. आगगाडीच्या प्रवासांत ही माया खपून जाते. कारण तेथें ओझें गाडी वाहते. डोंगरांत पायीं जावयाचें म्हणजे मात्र सर्वांच्या मायेचें वजन एकाच्याच खांद्यावर येतें. म्हणून दोनतीन दिवसांच्या पायीं सफरीसाठीं काय घ्यावें, काय घरीं ठेवावें आणि घेतलेलें कसें बांधावें, याचा विचार घरांतील सर्वांनीं मिळून करणें इष्ट होय. असा विचार मोघमपणें करण्यांत अर्थ नसतो. ठिकाण कोणतें हें ठरल्यावांचून सामान ठरत नाहीं. यास्तव येथें मोलगीच्या परिसराचें उदाहरण घेतलें आहे.

मोलगी हें नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या डोंगरांत वसलेलें बाजाराचें गांव आहे. हा जिल्हा १९९८ सालीं धुळें जिल्ह्यापासून निराळा झाला. अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून येथें यावें लागतें. येथून काठी या जुन्या संस्थानच्या गांवाकडे जातां येतें. फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्रीं तेथें उंच बांबू उभारून पहांटे पेटविली जाणारी होळी पाहण्यास डोंगरांतले लोक मैलोगणती चालत येतात. दुसरीकडे डाबचें थंड पठार आहे. शेजारच्या धडगांव तालुक्यांत सुमारें १,३२५ मीटर उंचीचें अस्तंब्याचें शिखर असून, धनत्रयोदशीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या यात्रेसाठीं हजारों माणसें तें पायीं चढतात. मुलूख भिल्ल व पावरा लोकांचा. वस्ती गांवांत एकवटलेली नसून टेकड्याटेकड्यांवरच्या पाड्यांत विखुरलेली. हिंवाळ्यांत दुपारीं सदऱ्यावर घाम येतो, आणि त्याच रात्रीं डाबच्या बाजूस गवतावरचें दंव गोठल्याचें कित्येक वर्षीं आढळलें आहे. एकाच दिवसांतले हे दोन ऋतु ध्यानांत ठेवूनच येथील सामानाची निवड करावी लागते.

थोड्या सामानानिशीं दूर जाणें ही कांहीं नवी विद्या नव्हे. १८५७ सालीं वरसईहून उत्तरेकडे निघालेले विष्णुभट गोडसे बंडाच्या धामधुमींत लुटले गेले, तरी परततांना गंगेची कावड खांद्यावर घेऊनच घरीं आले. नर्मदेची परिक्रमा करणारे तर आजही एक झोळी, एक कांबळें, कमंडलु, दंड आणि नर्मदाजलाची कुपी एवढ्यावर महिनोन् महिने चालतात. पूर्वीं दक्षिण तीरावरच्या शूलपाणीच्या झाडींत त्यांच्याजवळचें होतें नव्हतें तें लुटलें जाई, अशी ख्याती होती. सरदार सरोवराच्या पाण्यानें नदीकांठच्या जुन्या वाटा बुडाल्यावर पायीं जाणारे कित्येक परिक्रमावासी आतां धडगांव, काठी, मोलगी, पिंपळखुटा अशा आडवाटेनें पुढें जातात. मोलगीच्या रस्त्यावर हलकी झोळी घेतलेला वाटसरू म्हणूनच कोणास नवा वाटत नाहीं.

परंतु परिक्रमावासी आणि सहलीस जाणारा गृहस्थ यांत एक भेद आहे, तो विसरतां कामा नये. परिक्रमावासीयाची झोळी हलकी असते, कारण सदावर्त आणि भिक्षा यांवर चालणें हें त्याचें व्रतच असतें. आपण तसलें व्रत घेतलेलें नसतें. अक्कलकुवा व धडगांव हे तालुके बालकांच्या कुपोषणासाठीं महाराष्ट्रांत वारंवार चर्चेला आलेले आहेत. अशा मुलखांत ‘तेथें कोणी तरी भाकरी देईलच’ या भरंवशावर शिधा कमी करणें म्हणजे आपल्या पाठीवरचें ओझें उचलून दुसऱ्याच्या चुलीवर ठेवणें होय. पाहुण्यास उपाशी न ठेवण्याची रीत त्या घरांतही आहे, आणि म्हणूनच पाहुण्यानें ती परीक्षा पाहूं नये.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. या भागांतील कित्येक पाड्यांना अलीकडच्या वर्षांपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. आजारी माणूस किंवा अडलेली बाळंतीण यांना बांबूला झोळी बांधून, माणसांच्या खांद्यावरून, कोसांमागें कोस रस्त्यापर्यंत न्यावें लागल्याच्या हकीकती वृत्तपत्रांतून पुनःपुन्हा आल्या आहेत. वीस किलोंचें ओझें घेऊन उतरणीवर ज्याचा घोटा मुरगळला, त्याला वाहून न्यावयास हेच खांदे पुढें येणार! तेव्हां सामान फार घेतलें तरी भार परक्यावर पडतो आणि फार कमी घेतलें तरी परक्यावरच पडतो. आपल्या गरजेचें आपण बरोबर मोजून घ्यावें आणि त्याहून अधिक तोळाभर घेऊं नये, हीच हलक्या सामानाची खरी मर्यादा.

मोजणें हा शब्द येथें अक्षरशः घ्यावयाचा आहे. स्वयंपाकघरांतला काटा काढावा, प्रत्येक वस्तु त्यावर ठेवावी आणि वजन कागदावर लिहावें. नुसत्या हातानें उचलून ‘हलकी आहे’ म्हणणें फसवें असतें. शंभर शंभर ग्रॅमच्या दहा वस्तूंचा एक किलो होतो. पाठीवरचें सर्व ओझें स्वतःच्या वजनाच्या पांचव्या हिश्श्यापलीकडे जाऊं देऊं नये, असा सामान्य दंडक आहे. म्हणजे ६० किलोंच्या माणसास १२ किलो ही शेवटची सीमा झाली. दोन रात्रींच्या सफरीस त्याच्या निम्म्या-पाऊण ओझ्यांत सुखानें भागतें. वाढत्या वयाच्या मुलांवर व वडीलधाऱ्यांवर याहूनही कमी भार असावा.

वजन कमी करूं लागल्यावर पुष्कळजण दांत घासावयाच्या ब्रशाचा दांडा तोडण्यापासून आरंभ करितात. त्यानें कौतुक फार होतें आणि कमी होतात पांच ग्रॅम. खरें वजन तीन ठिकाणीं असतें : सॅक, अंथरूण-पांघरूण आणि निवारा. जाड कापडाची, लोखंडी पट्ट्यांची सॅक रिकामीच अडीच किलो भरते. ३५ ते ४० लिटरची साधी सॅक एक किलोच्या आंत मिळते. सॅक मोठी घेतली कीं ती भरावीशी वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून आधीं सामान ठरवावें व मग त्या मापाची सॅक घ्यावी. घरची कापसाची रजई उबदार खरी, पण तीनचार किलोंची. तिच्या जागीं एक-सव्वा किलोची कृत्रिम तंतूंची स्लीपिंग बॅग पुरते. पिसांची बॅग आणखी हलकी असते. परंतु ती भिजली तर पिसें चिकटून ऊब जाते आणि किंमतही भारी पडते. अंगाखालीं फोमची पातळ पट्टी अवश्य हवी. कारण थंड जमीन अंगांतली ऊब ओढून घेते, आणि अंगाखालीं दबलेलें पांघरूण ती अडवूं शकत नाहीं. हिंवाळ्यांत, परवानगी घेऊन एखाद्या शाळेच्या ओसरीवर किंवा आश्रमांत राहण्याची सोय आधीं ठरविली असेल, तर तंबू घरीं ठेवावा. दंवापासून आडोसा म्हणून हलकें प्लॅस्टिकचें कापड पुरे.

कपड्यांविषयीं नियम एकच : एक जोडी अंगावर, एक जोडी सॅकमध्यें. सुती कापड घामानें भिजलें कीं लवकर वाळत नाहीं, आणि सूर्य मावळतांच तोच ओला सदरा अंगाला झोंबूं लागतो. चालतांना झटपट वाळणारें कृत्रिम कापड व रात्रीसाठीं लोकरीचा स्वेटर ही जोडी चांगली. लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब राखते. एका जाड कोटापेक्षां दोन पातळ थर बरे. ऊन वाढेल तसा एक काढतां येतो. कानटोपीचें वजन शंभर ग्रॅमदेखील नसतें, पण रात्रीं तिचें मोल कळतें. पायांकडे विशेष लक्ष द्यावें. पायांतला एक किलो पाठीवरच्या चारपांच किलोंइतका थकवितो असा अनुभव आहे. म्हणून जड बुटांऐवजीं घट्ट पकडीचे, वापरून सैल झालेले हलके जोडे घालावे. नवे जोडे घालून डोंगरांत जाणें म्हणजे फोडांना आमंत्रण देणें.

शिधा दररोज माणशीं सुमारें ६०० ग्रॅम कोरडा धरावा. या बाबतींत आपल्या घरच्या गृहिणींना नवें कांहीं शिकवावयास नको. सातूचें पीठ, मेतकूट, गूळपापडी, भाजलेले शेंगदाणे, दशम्या, कुटलेली चटणी – पाणी काढून टाकून सत्त्व राखण्याची ही कला आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. तुपातेलाच्या एका ग्रॅमांत पिठासाखरेच्या दुपटीहून अधिक शक्ति असते, म्हणून शेंगदाणे व तुपाची गूळपापडी ओझ्याच्या मानानें फार लाभाची. फळें, लोणच्याच्या काचेच्या बरण्या व डबाबंद पदार्थ यांना रजा द्यावी. एकादशीस आपल्या ताटांत येणारी भगर या डोंगरांत पिकते, आणि येथील आमचूरही प्रसिद्ध आहे. मोलगीच्या बाजारांत तें पैसे देऊन जरूर घ्यावें, म्हणजे सॅक हलकी राहून चार पैसे तेथल्या माणसास मिळतात.

पाण्यांत मात्र काटकसर करूं नये. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हें खरें. पण दोन वस्त्यांमधल्या चढावर माणशीं दोन लिटर जवळ असावेंच. ओढ्याचें पाणी खळखळून उकळल्याविना पिऊं नये, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावें. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट द्यावें. पाणी, ऊब, डोक्याला बांधावयाचा विजेचा दिवा आणि औषधांची पुडी, या चार गोष्टी वापरल्या गेल्या नाहींत तरी वाया गेल्या असें कधीं समजूं नये.

अशा रीतीनें डिसेंबरांतल्या दोन रात्रींसाठीं एका माणसाचा हिशेब पुढीलप्रमाणें होतो : सॅक ९०० ग्रॅम, स्लीपिंग बॅग १,१०० ग्रॅम, फोमची पट्टी ३०० ग्रॅम, प्लॅस्टिकचें कापड ३०० ग्रॅम, स्वेटर ४५० ग्रॅम, कपड्यांची जोडी, मोजे व कानटोपी ६५० ग्रॅम, दिवा, चाकू, काडेपेटी व दोरी २५० ग्रॅम, औषधें २०० ग्रॅम, लहान पातेलें, थाळी व पेला ३५० ग्रॅम. एकूण साडेचार किलो. त्यांत तीन दिवसांचा शिधा १,८०० ग्रॅम आणि दोन लिटर पाणी मिळविलें कीं निघतांना आठ किलो तीनशें ग्रॅम भरतात, आणि शिधा संपेल तसें ओझें दररोज घटतें. चौघे जात असल्यास पातेलें, चाकू व औषधें एकच संच घेऊन वांटून घ्यावीं. एकत्र कुटुंबाचा फायदा तो हाच!

बांधणीही महत्त्वाची आहे. सॅकच्या आंत प्रथम एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालावी. तळाशीं मऊ व हलकें, म्हणजे पांघरूण. त्यावर शिधा व पातेलें अशा जड वस्तु पाठीला लागून, खांद्यांच्या मधोमध. बाहेरच्या बाजूस कपडे. सर्वांत वर स्वेटर, दिवा व वाटेतला फराळ. पाणी दोन्ही कुशींना सारखें. कमरेचा पट्टा आधीं आवळून मग खांद्याचे पट्टे ओढावे, म्हणजे भार नितंबांवर बसतो व खांदे मोकळे राहतात. जड वस्तु बाहेरच्या बाजूस गेल्या तर सॅक मागें ओढते आणि उतरणीवर तोल जातो.

निघण्यापूर्वीं आठ दिवस ही भरलेली सॅक घेऊन घराजवळच फिरून यावें. पुणेकरांनीं पर्वतीच्या पायऱ्या दोनतीनदां चढून पाहाव्या. ‘आतां आमचें वय झालें’ असें म्हणणाऱ्या आजीबाईंसाठीं अमेरिकेतील एमा गेटवुड या बाईंचें उदाहरण सांगण्यासारखें आहे. अकरा मुलांची ही आई १९५५ सालीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, अपलाचियन डोंगरवाट एकटी चालून गेली. अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक. पाठीवर घरीं शिवलेली जाड कापडाची पिशवी, तींत एक कांबळें व पावसासाठीं न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा, आणि पायांत साधे कॅनव्हासचे बूट. भारी किंमतीचें सामान तिच्याजवळ नव्हतें. आपल्याला काय लागतें याची पक्की जाण मात्र होती.

घरीं परतल्यावर सॅक लगेच आवरून ठेवूं नये. सामानाचे तीन ढीग करावे : वापरलेलें, न वापरलेलें, आणि पुन्हां पुन्हां वापरलेलें. औषधें सोडून जें दुसऱ्या ढिगांत पडेल तें पुढच्या खेपेस यादींतून खोडावें. जें वाटेंत आठवलें पण जवळ नव्हतें तें लिहून ठेवावें. आणि सॅकच्या तळाशीं चिवड्याच्या रिकाम्या पुड्या व प्लॅस्टिकच्या बाटल्या परत आल्या आहेत कीं नाहींत, हें घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं स्वतः पाहावें. नेलेलें सर्व परत आलें, आणि डोंगरांतल्या कोणाच्याही खांद्यावर आपला भार पडला नाहीं, तर सामान बरोबर बांधलें होतें असें समजावें.