'साडी' : नावाचा उगम आणि 'नेसणे' ही क्रिया

प्रस्तावना :
'साडी' म्हणताच स्त्रीचे वस्त्र डोळ्यांसमोर उभे राहते. हा अर्थसंकोच मात्र उत्तरकालीन आहे. प्रस्तुत लेखात या नावाचा उगम आणि त्याच्याशी निगडित 'नेसणे' या क्रियापदाचा परामर्श घेतला आहे.

नावाचा उगम :
संस्कृतात 'शाटी' व 'शाटक' हे शब्द अंगाभोवती गुंडाळावयाच्या वस्त्रासाठी येतात. प्राकृतात 'श'चा 'स' आणि दोन स्वरांमधील 'ट'चा 'ड' होतो. त्यानुसार 'शाटी'चे 'साडी' झाले. पाली विनयपिटकात भिक्षूंच्या पावसाळी स्नानवस्त्रास 'वस्सिकसाटिका', तर भिक्षुणींच्या स्नानवस्त्रास 'उदकसाटिका' म्हटले आहे. अर्थात हे नाव मुळात स्त्रीवेशाचे नसून न शिवलेल्या कापडाचे होते.

पतंजलीच्या महाभाष्यात (इ.स.पूर्व २ रे शतक) एक मार्मिक उदाहरण आहे. कोणी विणकराला या सुताचा शाटक विणावयास सांगतो. विणकरापुढे पेच पडतो : शाटक असेल तर तो विणावयाचा कशाला? आणि विणावयाचा असेल तर तो अद्याप शाटक कसा? यावर उत्तर असे, की येथे भावी संज्ञा अभिप्रेत आहे. विणून झाल्यावर ज्याला शाटक म्हणता येईल, ते विणावयाचे. म्हणजेच माग सोडतानाच हे वस्त्र नावास पात्र ठरते; कात्री व सुई यांची त्यास गरज नाही.

मराठीतील भेद :
मराठीने हा विचार क्रियापदांत जपला आहे. सदरा आपण 'घालतो', शाल 'पांघरतो'. साडी, लुगडे, धोतर व लुंगी मात्र 'नेसतो'. 'नेसणे' हे संस्कृत 'नि + वस्' या धातूशी, तर 'पांघरणे' हे 'प्रावरण' या शब्दाशी संबंधित आहे. 'नऊवारी' व 'सहावारी' ही नावेही शिवणीवरून नव्हे, तर लांबीवरून पडली. एक वार म्हणजे तीन फूट. त्यामुळे नऊवारी सुमारे ८.२३ मीटर, तर सहावारी सुमारे ५.४९ मीटर भरते. नऊवारीचा कासोटा, निऱ्या, ओचा व पदर ही सर्व रूपे नेसण्यातूनच सिद्ध होतात. वस्त्र सोडताच ती लोपतात.

निष्कर्ष :
आज तयार शिवलेली नऊवारी सर्रास मिळते आणि 'साडी घातली' असा प्रयोगही कानी पडतो. शिवलेल्या नऊवारीपुरता तो यथार्थच आहे. तथापि तो सरसकट रूढ झाल्यास केवळ एक क्रियापद नव्हे, तर अखंड कापडाला हातांनी वेश बनविणाऱ्या कौशल्याची भाषेतील नोंदच पुसली जाईल. म्हणून वस्त्रसंस्कृतीच्या अध्ययनात वस्त्रांच्या नावांसोबत त्यांच्या क्रियापदांचीही नोंद होणे अगत्याचे आहे.