जेलब्रेक : चूक कोणत्या थरात?

आयफोन सुरू होताना सर्वांत आधी चालतो तो बूटरॉममधला कोड. कारखान्यातच चिपमध्ये कायमचा कोरलेला. तो पुढच्या प्रोग्रॅमची डिजिटल सही तपासतो, तो त्याच्या पुढच्याची, आणि ही तपासणी कर्नलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत, जाते. जेलब्रेक म्हणजे हा पहारा मोडून फोनचा पूर्ण ताबा मिळवणे. पहारा मोडू देणारी चूक कोणत्या थरात सापडली, त्यावर जेलब्रेक किती टिकेल आणि त्यापासून कोणाला धोका, हे ठरते.

वापरायला सर्वांत सोपी पद्धत ब्राउझरची. ऑगस्ट 2010 मध्ये ‘जेलब्रेकमी’ची दुसरी आवृत्ती आली. सफारीत एक पान उघडायचे, पट्टी सरकवायची, बस. पीडीएफमधला फॉन्ट वाचताना होणारी चूक आणि कर्नलमधली आणखी एक चूक मिळून काम फत्ते होई. ॲपलने त्याच महिन्यात दोन्ही बुजवल्या. मला हीच पद्धत सर्वांत भीतिदायक वाटते, कारण मालकाच्या इच्छेने फोन उघडणारे पान त्याच्या नकळतही तो उघडू शकते. 2016 मध्ये अमिरातीतील मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना संशयास्पद लिंक आली. त्यांनी ती न उघडता सिटिझन लॅब या संशोधन गटाकडे पाठवली. तपासात निघाले ते पेगासस : तीन चुका एकामागून एक वापरून आयफोन गुपचूप जेलब्रेक करणारे हेरगिरीचे हत्यार.

दुसरी पद्धत ॲपची. मे 2020 मधले ‘अनकव्हर’ थेट कर्नलवर हल्ला करी. फोन रीस्टार्ट केला की ॲप पुन्हा चालवावे लागे. काही दिवसांतच, 1 जूनला, आयओएस 13.5.1 हे अपडेट आले आणि ती वाट बंद झाली.

तिसरी पद्धत बूटरॉमची. तिच्यातले ‘चेकमेट’ मात्र बंद होणारच नाही. सप्टेंबर 2019 मध्ये ‘ॲक्सिओमएक्स’ या टोपणनावाच्या संशोधकाने ते उघड केले. चूक खुद्द बूटरॉममध्ये, यूएसबी हाताळणाऱ्या कोडमध्ये. चिपमध्ये कोरलेले अपडेटने बदलत नाही, म्हणून आयफोन 4एसपासून आयफोन एक्सपर्यंतचे फोन कायमचे या चुकीसह जगणार. तरी इंटरनेटवरून हा हल्ला होत नाही. फोन हातात हवा, केबल हवी, आणि रीस्टार्टनंतर सगळे पुन्हा पहिल्यापासून. यांपैकी नव्या फोनांत पासकोडची राखण करणारा सिक्युअर एन्क्लेव्ह वेगळाच असल्याने केवळ याने पासकोडही मिळत नाही. अभ्यासकांसाठी ही मोठी देणगी आहे. एरवी बंद असलेली आयओएस त्यांना आतून पाहता आली.

पद्धत कोणतीही असो, पहारा उठला की तो सर्वांसाठी उठतो. 2015 मध्ये ‘कीरेडर’ या मालवेअरने जेलब्रेक केलेल्या फोनांतून सव्वादोन लाखांहून अधिक ॲपल खात्यांची माहिती चोरली. प्रयोग करायचाच, तर कपाटात पडलेल्या जुन्या फोनवर करा. ज्या फोनवर यूपीआय आणि बँकेचे ॲप आहे, त्यावर नको. त्याला फक्त वेळेवर अपडेट करत राहा.