सूर्यप्रकाश झेलणारा पापुद्रा

छत्रपती संभाजीनगरहून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या वेरूळच्या काळ्या पाषाणात प्राणवायूच्या खालोखाल सिलिकॉनचे प्रमाण असते. वाळूतही हे मूलद्रव्य विपुल आहे. वाळूसारख्या द्रव्यापासून ते वेगळे काढून अतिशय शुद्ध केले, म्हणजे त्याचा सौरघट बनविता येतो.

सौरघट घडविण्याची एक रीत वेरूळच्या शिल्पकारांच्या रीतीसारखी आहे. त्यांनी अखंड खडक कोरून कैलास लेणे काढले. तसाच सिलिकॉनचा मोठा स्फटिक कापून त्याच्या चकत्या पाडतात. यात पुष्कळ सिलिकॉन भुसा होऊन जातो. दुसरी रीत अजिंठ्याच्या चित्रकारांची म्हणावी लागेल. त्यांनी भिंतीवर पातळ लेप दिला आणि त्यावर चित्रे रंगविली. तसा सिलिकॉनचा लेप काचेवर द्यावयाचा.

हा लेप मात्र हाताने देता येत नाही. वीज वाहून नेणारा पारदर्शक थर दिलेली काच एका बंद पात्रात ठेवतात, आतील हवा काढून घेतात आणि काच सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. मग सिलेन नावाचा वायू थोडा थोडा आत सोडतात. हा सिलिकॉन व हायड्रोजन यांचा संयुग असून हवा लागताच पेट घेतो. म्हणून फार जपावे लागते. विजेच्या योगाने तो वायू मंद प्रकाशू लागतो, त्याचे रेणू फुटतात आणि सिलिकॉन काचेवर बसू लागतो. तयार होणारा थर केसाच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो.

स्फटिकातील अणू प्रार्थनेच्या रांगेतील मुलांसारखे शिस्तीने उभे असतात. या थरात ते जत्रेतील गर्दीसारखे अस्ताव्यस्त असतात. म्हणून यास अस्फटिकी सिलिकॉन म्हणतात. या अव्यवस्थेचा लाभ असा, की असा थर दृश्य प्रकाश फार झपाट्याने शोषतो. म्हणून एवढासा पापुद्रा पुरतो. तोटा असा, की कित्येक अणूंचा एक हात मोकळा राहतो आणि धावणारे इलेक्ट्रॉन त्यात अडकतात. वायूतून आलेला हायड्रोजन असे बहुतेक हात धरून ठेवतो. तो नसता, तर हा घट झालाच नसता.

सौरघटात असे तीन थर असतात. एका कडेच्या थरात किंचित बोरॉन, दुसऱ्या कडेच्या थरात किंचित फॉस्फरस मिसळलेला असतो. मधला थर निर्भेळ. प्रकाशाने मधल्या थरातील इलेक्ट्रॉन सुटतात आणि कडेच्या थरांमुळे निर्माण झालेल्या विद्युत्क्षेत्राच्या ओढीने फॉस्फरसच्या बाजूस जातात. बाहेरून तार जोडली, की वीज वाहते. अशी भेसळ करून या सिलिकॉनचा गुण पालटता येतो, हे स्कॉटलंडमधील डंडी येथे स्पिअर व लकोंबर यांनी १९७५ साली दाखविले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कार्लसन व व्रोन्स्की यांनी अशा घटाची माहिती प्रसिद्ध केली. तो पडणाऱ्या प्रकाशापैकी अवघ्या २.४ टक्क्यांची वीज करी.

पण १९७७ साली स्टेब्लर व व्रोन्स्की यांना एक विचित्र गोष्ट आढळली. ज्या प्रकाशावर हा घट जगतो, त्याच प्रकाशाने त्याचे सिलिकॉन दुबळे होते! सुमारे १५० अंशांपर्यंत तापविले, की ते पूर्ववत होते. छपरावरील पत्रे एवढे तापत नाहीत. तरी मराठवाड्यासारख्या प्रदेशातील वैशाखाच्या उन्हात झीज थोडीबहुत भरून निघते. थंडीत ती पुन्हा वाढते.

आज स्फटिकाचे चांगले पत्रे २० टक्क्यांहून अधिक प्रकाशाची वीज करतात, तर या पापुद्र्याचे पत्रे साधारण ६ ते ८ टक्के. म्हणून मोठ्या सौर प्रकल्पांत त्याला फारशी जागा उरलेली नाही. परंतु लहान गणकयंत्राच्या माथ्यावरील तपकिरी पट्टी बहुधा याचीच असते. तिला ऊन लागत नाही. खोलीतील दिव्याच्या उजेडावरही गणिताची उत्तरे उमटतात.