‘कोम अमका’: अठराव्या शतकातली उंब्रजची बाई कशी शोधायची?

सध्या आपल्याकडे घरोघरी वंशावळी निघताहेत. कुणबी नोंद सापडावी म्हणून कोतवाल बुकं, शाळेची जुनी रजिस्टरं, जुने सातबारे पालथे घातले जातात. पण त्या वंशावळी नीट बघा. वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा... बाई एकही नाही. दाखला वडिलांकडच्या नात्यावर मिळतो, म्हणून आईकडचं कुणी उतरवूनच घेत नाही.

तर आजचा प्रश्न: 1770 च्या सुमारास उंब्रजला कुणब्याच्या घरात नांदणारी एखादी साधी बाई शोधायची, तर काय हाती लागेल?

तुलनेसाठी इंग्लंड बघू. तिथे 1538 पासून चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदवायचा हुकूम होता. 1754 पासून लग्नाच्या वहीत नवरीची सही, नाहीतर फुली घेऊ लागले. सोबत तिचं माहेरचं आडनाव. त्यामुळे तिथे मजुराच्या बायकोचाही माग काढता येतो.

आपल्याकडे अशी वही नव्हती. मराठेशाहीत कागद व्हायचा तो जमीन, वतन, कर आणि भांडणापायी. त्यामुळे बाई कागदावर यायची ती अशाच प्रसंगी. विधवेने वतनातला वाटा मागितला किंवा दत्तक घेतला. पाट लावला आणि सरकारने पाटदाम घेतला. बदकर्माचा आरोप येऊन दंड झाला. किंवा कुणबीण म्हणून तिची खरेदी-विक्री झाली. म्हणजे जिचा संसार सुरळीत झाला, ती बहुधा दफ्तरात आलीच नाही!

नाव सापडलं तरी ते कसं असतं? समजा, ‘सखुबाई कोम राणोजी’. कोम म्हणजे अमक्याची बायको. माहेरचा पत्ता नाही. लग्नात नाव बदललं असेल, तर लहानपणीचं नावही गेलं.

म्हणून शोध आजपासून मागे न्यायचा. आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. मग फेरफार आणि वारस नोंदी बघा, कारण नवरा वारल्यावर विधवेचं नाव तिथे लागतं. त्यामागे कोतवाल बुक. 1848 साली सातारा संस्थान खालसा झालं आणि पुढे इनामांची चौकशी झाली. घराण्याकडे इनाम-वतन असेल तर त्या कागदांत वंशावळ मिळू शकते. त्याच्याही मागे पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर. तिथे मोडी वाचता यायला हवी आणि रुमाल मागताना ‘प्रांत कऱ्हाड’ हे जुनं नाव माहीत हवं.

एक धोका सांगतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे एकाच घरात तीन राणोजी निघतात. तेव्हा नुसतं नाव जुळलं म्हणून पिढी जोडू नका. गाव, जमीन, भाऊबंद यातलं आणखी काहीतरी जुळलं पाहिजे.

आणि बाईचा शोध एका गावात संपत नाही. उंब्रजला नांदायला आलेली लेक मसूरची, चाफळची किंवा तारळ्याची असू शकते. तिच्या बापाचे, भावांचे कागद तिकडच्या गावाच्या नावाखाली आहेत. माहेरचं गाव कळलं नाही, तर तो धागा तिथेच तुटतो.

म्हणून वंशावळ काढतच असाल, तर प्रत्येक पुरुषाच्या नावासमोर एक ओळ वाढवा: बायकोचं नाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव. हे सांगू शकणारी आजी अजून घरात असेल, तर याच आठवड्यात विचारा. दफ्तरातला कागद पुढच्या वर्षीही मिळेल.