रडून हलकं का वाटतं?

गेल्या वर्षी आमच्या बडोद्यातल्या हौशी मंडळींनी 'एकच प्याला' केलं. बाबांना मी आग्रहानं नेलं, पण मनात धाकधूक होती. माझे धाकटे काका दारूपायी गेले. बाबा तेव्हा रडले नाहीत. सगळं उरकलं, काकूच्या पेन्शनचे कागद केले आणि घरात तो विषय कायमचा बंद झाला.

या नाटकाचं आपल्या गावाशी जुनं नातं आहे. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं त्याचा पहिला प्रयोग बडोद्यात केला. सिंधू झाले होते बालगंधर्व.

सुधाकर हुशार वकील. अपमान विसरायला एक पेला घेतो आणि संसाराची राखरांगोळी होते. मरताना सिंधू फौजदारापुढेही नवऱ्याला वाचवते. तिथे मी शेजारी पाहिलं. बाबा रुमालात तोंड लपवून हुंदके देत होते. मला काय करावं सुचेना, नुसता हात धरून बसलो.

घरी आल्यावर वाचायला बसलो. (इंजिनियरची खोड, बिघाड सापडल्याशिवाय झोप नाही!) ॲरिस्टॉटल म्हणतो, शोकांतिका करुणा आणि भय जागवते आणि त्या भावनांचं 'कॅथार्सिस' घडवते. मराठीत त्याला विरेचन म्हणतात. ज्याच्या वाट्याला लायकीपेक्षा मोठं दुःख येतं त्याची करुणा वाटते. तो आपल्यासारखाच असतो म्हणून भीती वाटते. सुधाकर राक्षस असता तर कोणी रडलं नसतं. आपल्याकडे अभिनवगुप्तानं साधारणीकरण सांगितलं: रंगमंचावरचं दुःख एकट्या पात्राचं राहत नाही, सगळ्यांचं होतं.

मला वाटतं, बाबांना नेमकं हेच मिळालं. घरात रडले असते तर सगळे घाबरले असते. इथे अंधार होता आणि आजूबाजूचे चारशे लोकही डोळे पुसत होते. रडायचं कारण कोणाला सांगावं लागलं नाही.

गाडीत बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "तो वाईट नव्हता रे." बारा वर्षांत पहिल्यांदाच ते काकांबद्दल बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूला फोन केला.

तेव्हा मित्रांनो, पुढचं नाटक लागलं की आईबाबांनाही घेऊन जा. रुमाल मात्र दोन ठेवा.