एक दशांशाचे कोडे

संगणकाला कामाला लावण्यासाठी ज्या भाषांत आज्ञा लिहाव्या लागतात, त्यांची संख्या आज शेकड्यांनी मोजावी लागेल. पायथन, जावा, जावास्क्रिप्ट, सी, कोबोल ही त्यांतली परिचित नावे. प्रत्येकीचे व्याकरण निराळे, आणि अभिमानी भक्तगणही निराळा! परंतु या भाषा शिकणाऱ्यांच्या शंका पाहू गेले, तर काही शंका सर्वत्र सारख्याच आढळतात. त्यांतली एकच आज विचाराला घेऊ. कारण तिच्यात पैशाचा, आणि प्रसंगी प्राणांचाही, प्रश्न गुंतलेला आहे.

शंका अशी. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ होते, हे शाळेतले पोरही सांगेल. पायथन, जावा व जावास्क्रिप्ट या तिन्ही भाषांत हीच बेरीज विचारा. उत्तरात तिनापुढे पंधरा शून्ये येतात आणि त्यांच्या शेपटीला एक चार चिकटलेला असतो. सी भाषा सामान्यतः सहाच स्थळे छापते, म्हणून तिथे ०.३००००० असा साळसूद आकडा दिसतो; पण ‘ही बेरीज ०.३ एवढीच आहे ना?’ असे तिला विचारले, की तीही ‘नाही’ म्हणते. नवशिक्याला वाटते, भाषाच सदोष असावी. तो दुसरी भाषा धरतो, आणि तिथेही तेच!

याचे कारण भाषेच्या खाली, यंत्राच्या अंकगणितात आहे. आपण एक तृतीयांश दशांशात लिहू लागलो, तर ०.३३३ असे कितीही लिहिले तरी संपत नाही. कुठेतरी हात आखडावाच लागतो. संगणकाला शून्य आणि एक असे दोनच अंक ठाऊक. त्यामुळे ज्यांच्या छेदात केवळ दोनाचे गुणाकार आहेत, असे अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश हेच अपूर्णांक त्याला पुरते लिहिता येतात. दहात मात्र पाचाचा अवयव आहे. म्हणून एक दशांश त्याच्या लिपीत कधीच संपत नाही. १९८५ साली ठरलेल्या मानकानुसार, ज्याच्या घडणीत विल्यम कहान या गणितज्ञाचा मोठा वाटा होता, सर्वसाधारण अपूर्णांकाला त्रेपन्न द्विमान अंक मिळतात. पुढचे सोडून द्यावे लागतात. बहुतेक भाषा आपली बेरीज याच अंकगणिताच्या हवाली करतात, म्हणून चूकही एकसारखीच निघते.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या वडीलधाऱ्यांनी पावकी-निमकी पाठ केली, त्यांचा हिशेब या यंत्राला फार मानवला असता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. सगळा दोनाचाच विस्तार. तो जुना पैसा संगणकाला रुपयाच्या अपूर्णांकात तंतोतंत लिहिता येतो. १ एप्रिल १९५७ रोजी आलेला नवा पैसा रुपयाचा शतांश; तो काही पुरता लिहिता येत नाही. (आण्याच्या बारा पै होत, तिथे तिनाचा अवयव शिरल्यामुळे पैचा हिशेबही असाच अडला असता.)

इतक्या सूक्ष्म फरकाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकी स्कड क्षेपणास्त्र सैनिकांच्या निवासावर पडले आणि २८ अमेरिकन सैनिक ठार झाले. ते अडवण्यासाठी पेट्रियट यंत्रणा तिथे होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दशांशांत वेळ मोजी, आणि त्याचे सेकंद करताना एक दशांशाचे चोवीस द्विमान अंकांत छाटलेले रूप वापरले जाई. यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू राहिली, तेव्हा ती छाटणी साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर तोडते. यंत्रणेने भलत्याच जागी पाहिले. तिथे काहीच नव्हते. फार वेळ अखंड चालवू नका, अशी सूचना आधी गेली होती; पण ‘फार वेळ’ म्हणजे किती, हे कोणी सांगितले नव्हते. सुधारलेली आज्ञावली धाहरानला पोचली ती दुसऱ्या दिवशी.

उपाय कठीण नाहीत. मोजमापाच्या कामात दोन अपूर्णांक ‘समान आहेत काय’ असे न विचारता ‘पुरेसे जवळ आहेत काय’ असे विचारावे, आणि पुरेसे म्हणजे किती ते कामाकडे पाहून ठरवावे. पैशाच्या हिशेबात मात्र जवळपास चालत नाही. तिथे रुपये सोडून पैसेच पूर्णांकात मोजावेत. साडेबारा रुपये म्हणजे १२५० पैसे. व्यापारी हिशेबासाठीच घडवलेल्या कोबोलने दशमान अंकगणित प्रथमपासून बाळगले. जावा आणि पायथन यांतही तशी सोय आहे. मात्र तिथे ०.१ ही संख्या अक्षरांच्या रूपाने, अवतरणचिन्हांत द्यावी लागते. नुसती दिली, तर ती आधीच छाटलेली होऊन आत जाते. व्याजात अर्धा पैसा उरला तर तो खातेदाराला द्यायचा की सोडायचा, हे मात्र कोणतीही भाषा ठरवून देत नाही. तो नियम आज्ञावली लिहिण्यापूर्वी पेढीनेच कागदावर लिहून द्यावा लागतो.