संवेदकाची जागा : एका दशकाचा मागोवा

अमेरिकेतून सुरू झालेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’ या शालेय स्पर्धेत 2015 पासून प्रत्येक रोबोचे नियंत्रण सांभाळणारा ‘रोबोरिओ’ हा संगणक 2027 च्या हंगामापासून निवृत्त होत आहे. हा बदल अपेक्षितच होता. परंतु चाकाचा वेग मोजणारा संवेदक नेमका कोठे बसवावा, हा एकेकाळी संघासंघांत हिरिरीने चर्चिला जाणारा प्रश्न त्याच्या आधीच निघून गेला आणि त्याची दखलही घेतली गेली नाही, हे अधिक क्लेशदायक आहे.

1992 मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात सुरू झालेल्या या स्पर्धेच्या पहिल्या दीड दशकाविषयी, या प्रश्नापुरते, सांगण्याजोगे थोडेच आहे; बहुतेक रोबो चालकाच्या नजरेवर आणि हातावर चालत. खरे वळण 2009 मध्ये आले. अपोलो-11 च्या चांद्रावतरणाला 40 वर्षे होत असल्याचे औचित्य साधून रचलेल्या ‘लुनसी’ या खेळात गुळगुळीत मैदान आणि निसरडी चाके सक्तीची होती, शिवाय प्रत्येक रोबोमागे एक गाडी जोडलेली होती. मोटरला वीज मिळताच चाके जागच्या जागी फिरत, आणि चाकाचा वेग म्हणजे रोबोचा वेग नव्हे, हे विद्यार्थ्यांना मैदानावरच उमगले. एन्कोडर, म्हणजे अक्षाच्या फिरण्याचे विद्युत स्पंदांत रूपांतर करणारा संवेदक, मोटरच्या अक्षावर बसवला तर तो मोटरचा वेग सांगतो. चाकाच्या अक्षावर बसवला तर मधल्या साखळीची ढिलाई टाळून चाकाचा वेग सांगतो. जमिनीवरचा वेग हवा असेल, तर मात्र मोटरशी न जोडलेले, केवळ जमिनीला टेकून फिरणारे मोकळे चाक लागते. चालत्या आणि मोकळ्या चाकांच्या वेगांतील फरक म्हणजे घसरण, आणि ती कळली तरच मोटरचा जोर वेळीच आवरता येतो.

हे मोकळे चाक बसवणे हीच एक विद्या होती. स्प्रिंगचा दाब कमी पडला तर चाक उचलले जाते. आडव्या सरकण्याला मुभा देणारे, परिघावर छोटे रूळ असलेले ओम्नी चाक वापरले तरी ते अवघ्या 1 अंशाने तिरके बसल्यास रोबो 5 मीटर आडवा सरकताना सुमारे 87 मिलिमीटर पुढे गेल्याची खोटी नोंद होते, आणि ही चूक आज्ञावलीत कितीही शोधली तरी सापडत नाही.

2012 मध्ये बास्केटबॉल आणि 2013 मध्ये चकत्या फेकण्याचे खेळ आले, तेव्हा हाच प्रश्न फेकणाऱ्या चाकापाशी उभा राहिला. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या चाकावर परावर्तक पट्टी एकच असेल, तर दर 20 मिलिसेकंदांनी एक स्पंद मिळतो. पट्ट्या दोन लावल्या आणि त्या अगदी समोरासमोर बसल्या नाहीत, तर वेग स्थिर असूनही आकडे आळीपाळीने कमीअधिक येतात. तरीही मार्गदर्शकांचा एक मोठा वर्ग संवेदकाला शेवटच्या दिवशी चिकटवायची वस्तू मानत राहिला आणि सहा आठवड्यांच्या बांधणीनंतर रोबो पिशवीत बंद करण्याच्या त्या काळात चुकलेल्या प्रत्येक फेकीचा दोष आज्ञावली लिहिणाऱ्या मुलांच्या माथी मारत राहिला. तो अन्याय होता, आणि तो तसा नोंदवला गेला पाहिजे.

2019 च्या हंगामात ‘निओ’ ही मोटर आली. चुंबकीय क्षेत्रातील बदल ओळखणारे हॉल संवेदक तिच्या पोटातच होते आणि फेरीमागे 42 नोंदी मिळत होत्या. पुढच्याच हंगामातील ‘फाल्कन 500’ फेरीमागे 2048 नोंदी देऊ लागली. तुटणाऱ्या तारा आणि निखळणारे जोड यांतून संघांची सुटका झाली, हे मान्य करावेच लागते. पण संवेदकाची जागा आता कारखान्यात ठरते आणि तेथून दिसतो तो केवळ मोटरचा वेग. गालिच्यावर घासून 100 मिलिमीटर व्यासाचे चाक 97 मिलिमीटरचे झाले, की मोटरच्या हिशेबाने 10 मीटर चाललेला रोबो प्रत्यक्षात 30 सेंटिमीटर मागे असतो. 2023 पासून मैदानावर लावल्या जाणाऱ्या ‘एप्रिलटॅग’ या चौकोनी खुणा कॅमेऱ्याने वाचून ही तफावत परस्पर भरून काढली जाते, त्यामुळे झिजलेले चाक काढून त्याचा व्यास पुन्हा मोजण्याची गरजच आज अनेक संघांना वाटेनाशी झाली आहे.